न धुता पुरलेली गाजरं

अल्तिआरिक, फरगाना, उझबेकिस्तान
२८ ऑक्टोबर १९९६

नेमत,

खुशाली विचारत नाही. विचारली तरी तू कळवणार नाहीस, आणि अकरा वर्षं उत्तर न देणाऱ्या भावाला पुन्हा पुन्हा विचारत बसायला मला वेळ नाही. कामाचं तेवढं लिहिते.

बाबांना फेब्रुवारीत वर्ष होईल. वर्षाचा पुलाव २२ तारखेला, शनिवारी. चाळीस किलो तांदूळ, चाळीस किलो गाजर, बाबांची मोठी काहील, बाबांचा झारा. करणार मी. हवं तर हे वाक्य परत वाच.

मोहल्ल्याचा प्रमुख आता तोलिब आहे. तोच, ज्याला तू शाळेत बेडूक म्हणायचास. अजून तसाच दिसतो, फक्त टोपी नवी. माझा बेत ऐकून तो संध्याकाळी चहाला आला आणि पहिला पियाला संपायच्या आत गळा काढला.

"आपा, घरात दहा जणांचं रांधणं वेगळं आणि तीनशे पुरुषांच्या पंगतीचा पुलाव वेगळा. बाईनं त्या काहिलीला हात लावला, असं आमच्या सात पिढ्यांत झालं नाही."

मी म्हटलं, "तुमच्या सात पिढ्यांत पुलाव कोणालाच जमला नाही, त्यात बायांचा काय दोष?"

हसला नाही. मग मुद्द्यावर आला. आदल्या दिवशी गाजर चिरायला मोहल्ल्यातले पुरुष जमतात ते घरच्या मुलाच्या शब्दावर. मुलगा कमरेला रुमाल बांधून दारात उभा राहतो, छातीवर हात ठेवून या म्हणतो, तेव्हा लोक म्यानातून सुऱ्या काढतात. दारात मुलगा नाही तर सुरी निघणार नाही, असं त्याचं म्हणणं. "नेमतला बोलव," म्हणाला. "नाहीतर मार्गिलानहून आचारी आणू."

होशिम आचाऱ्याच्या वर्षाला भाड्याचा आचारी! बाबा कबरीत उठून बसतील.

तर तोलिबनं तुला बोलवायला सांगितलं, ते कळवलं. मी बोलवत नाही. दारात मीही उभी राहू शकते. रुमाल बांधायला मला कमर आहे.

तुझ्या गाजराच्या सुरीची चौकशी करू नकोस. ती मी केव्हाच बाजारात विकली.

इनोबत

१७ नोव्हेंबर १९९६

नेमत,

काल गाजरं पुरली. पाठ धरलीय, म्हणून आज बसून लिहिते. दुसरं काही कारण नाही.

यंदा पिवळी कमी आणि तांबडी जास्त आली. तांबड्यांचा रंग छान उतरतो, पण पिवळ्याशिवाय पुलावाला गोडी नाही, हे तोलिबच्या पोरांना कोण सांगणार? त्यांना सगळं लालभडक लागतं. पिवळी कमी पडली म्हणून रोझीखोनच्या वाफ्यातली दोन पोती घेतली. शेजारची रोझीखोन तुला आठवत असेल. तुझ्या लग्नात तंदुरीच्या रोट्या तिनंच लावल्या होत्या. आता गुडघे गेलेत तिचे, जीभ मात्र शाबूत आहे. पोती देताना म्हणाली, "घे बाई, निदान माझी गाजरं तरी पुरुषांच्या पंगतीला बसतील."

पाला डेखासकट उडवला, नाहीतर वाळूतच कोंब फुटतात. एक दिवस सावलीत पसरून ठेवली. खड्डा गुडघ्याच्या वर खोल, जागा तीच, जर्दाळूच्या झाडाखाली. सफरचंदाच्या पेट्या लांब गोठ्यात नेऊन टाकल्या. सफरचंदाच्या शेजारानं गाजर कडू होतं, हे बाबा सांगायचे तेव्हा तू म्हणायचास, "म्हणजे आपल्या आत्याच्या शेजारी आई कडू झाली तसं." मार खाल्ला होतास त्याबद्दल.

वाळू मात्र मला हवी तशी मिळाली नाही. ट्रॅक्टरवाल्यानं आणून टाकली ती कोरडी ठक्क. झारीनं पाणी शिंपडत, फावड्यानं परतत अर्धा दिवस गेला. मुठीत दाबली की लाडू व्हावा आणि बोटानं टोचला की फुटावा, अशी होईपर्यंत सोडली नाही. तू सायकलवर पोती लादून नदीची वाळू आणायचास. तशी वाळू नंतर कोणी आणली नाही. हे कौतुक नाही, जे आहे ते लिहिलं.

माती लागलेली गाजरं तशीच्या तशी ठेवली. एक थर गाजर, एक थर वाळू. एकही धुतलं नाही. तोलिबची बायको कुंपणावरून बघत होती. म्हणाली, "आपा, इतकी चिखलाची? पाटाच्या पाण्यात खळबळून तरी घ्यायची." मी तिच्यावर इतकी ओरडले की बिचारी घरात पळाली. संध्याकाळी तिच्याकडे गाजराच्या मुरंब्याची बरणी नेऊन दिली. तिची काही चूक नव्हती.

धुतलेलं गाजर वाळूत टिकत नाही, नेमत. वरची माती हेच त्याचं पांघरूण. माती गेली, साल खरवडली की आतून पाणी सुटतं, आणि एक सडलं की शेजारचं सडतं, मग सगळा खड्डा. हे मला बाबांच्या आधी कोणी शिकवलं नव्हतं. म्हणजे बाबांनी शिकवलं ते उशिरा शिकवलं.

पुरे. हात दुखतो.

इनोबत

२९ डिसेंबर १९९६

नेमत,

नव्या वर्षाचं कार्ड मिळालं. वर बर्फात धावणारी घोडागाडी, मागे तुझ्या बायकोचं अक्षर. "वेळ मिळाला की नेमत लिहितील." सओदत पोर भली आहे. लग्नानंतर आठ दिवस काय ती आमच्या घरी राहिली, तेवढ्यात मला तीनदा आपा म्हणून बिलगली होती. तिला सांग, माझा राग तिच्यावर नाही. तुझ्यावर आहे की नाही हे तुला विचारायचं असेल तर तूच लिही.

परवा तोलिब परत आला. या वेळी मामासोलीचाचाला घेऊन. बाबा गेल्यापासून अख्ख्या अल्तिआरिकमध्ये मोठ्या पंगतीला तोच उभा राहतो. सत्तरी उलटली, पण मिशी अजून काळी. कशानं काळी, ते रोझीखोनला विचार.

म्हातारा चांगलं बोलला, खोटं कशाला सांगू. म्हणाला, "पोरी, तुझ्या हाताला चव आहे, ते मी नाकारत नाही. होशिम शेवटची पाच वर्षं नुसता काहिलीपाशी स्टूल टाकून बसायचा आणि मसाला परड्यातून तू पाठवायचीस, हे काय मला ठाऊक नाही? असं कर. आत बसून कांदा-मांस तू सांभाळ. बाहेर झारा घेऊन मी उभा राहतो. लोकांना मी दिसेन, चव तुझी असेल. कोणाचंच काही जायचं नाही."

"माझं जाईल," मी म्हटलं.

"तुझं काय जातंय?"

"चाचा, तुमच्या बापाच्या वर्षाला माझ्या बाबांनी असं सुचवलं असतं तर तुम्ही झारा कुठे हाणला असता?"

म्हातारा मिशीत हसला. पण तोलिब तापला. "तुझ्या हट्टापायी मेलेल्या माणसाच्या पंगतीला कोणी आलं नाही तर? या घराची एकदा शोभा झालीय, आपा. तुझ्या भावानं केली तेवढी पुरे."

घरात बोलायला कोणी नसलं की मी फार बोलते, तुला माहीत आहे. त्या दिवशी मात्र मी किटली उचलून आत गेले आणि ते जाईपर्यंत बाहेर आले नाही.

मग खड्ड्यातली चार गाजरं काढली आणि पुलाव टाकला. एकटीसाठी, एवढ्याशा कढईत. तेलातून धूर निघाला, हाड लालबुंद केलं, कांदा, मग मांस. गाजराच्या काड्या टाकल्या आणि बाबांसारखीच न हलवता थांबले. पहिल्यांदा हलवायचं नाही. खालच्या काड्या तेलात नरम पडून वाकल्या, गोडसर वास अंगणात गेला, की मगच झारा घालायचा. वासावर रोझीखोन आलीच काठी टेकत. दोघींनी एका ताटातून हातानं खाल्लं. बोटं चाटत म्हणाली, "पुरुष नाही आले तर नाही आले. आम्ही आहोत ना. मोहल्ल्यात बायकांच्या हातात काय सुऱ्या नाहीत?"

मी नको म्हटलं. मला त्या दिवशी पुरुषच हवेत, जे तुझ्या वेळी होते तेच सगळे.

का, ते आत्ता लिहीत नाही.

इनोबत

१९ जानेवारी १९९७

नेमत,

रमजानचा दहावा दिवस. रिकाम्या पोटी खोटं बोलू नये म्हणतात. भरल्या पोटी अकरा वर्षं बोलले, आता बघू.

तो खड्डा मी सडवला.

तू नाही. मी. तुझ्या लग्नाच्या आदल्या दिवशी चाळीस पुरुष सुऱ्या परजून अंगणात बसले होते आणि बाबांनी वाळू उकरली, आणि हाताला काळा चिखल लागला, तो माझ्यामुळे.

त्याआधी, हिवाळ्याच्या तोंडाला, तू खड्डा खणलास, वाळू आणून टाकलीस आणि मला म्हणालास, "आपा, एवढं रचून टाक ना. बाबांना सांगू नकोस. मी मार्गिलानला जाऊन येतो." सओदतला रेशमाच्या दुकानात लांबून बघायला जायचं होतं तुला. जाताना माझ्या गालाला चिमटा काढलास. मी तेव्हा नवऱ्याकडून परत आलेली. चार महिने झाले होते. आत्या येता-जाता म्हणायची, "परत आलेली मुलगी आणि परत आलेली रोटी, दोन्ही शिळ्याच." मला वाटायचं, या घरात काहीतरी असं करावं की कोणी म्हणेल, बरं झालं ही आली. नवरीची माणसं येणार, आपल्या घरची गाजरं बघणार. मी ती सगळी पोती पाटावर नेली आणि एक एक गाजर चोळून धुतलं. पाणी बर्फासारखं होतं. हात लाल झाले, पण गाजरं अशी चमकत होती की मला रडू आलं. ओलीच रचली. कोणाला सांगितलं नाही, कारण रचायचं काम तुझं होतं.

बाबांनी सगळ्यांसमोर विचारलं, "कोणी पुरली?" मी स्वैपाकघराच्या दारात होते. तू माझ्याकडे बघितलंही नाहीस. "मी," म्हणालास. तुला वाटलं, मार्गिलानची चोरी झाकतो आहेस. बाबा ओरडले, "ज्याला गाजर पुरता येत नाही, तो घर काय सांभाळणार?" तुझ्या सासऱ्यादेखत. मामासोलीच्या घरून उसनी गाजरं आली, ती तू मान खाली घालून चिरलीस. आठ दिवसांनी सओदतला घेऊन रशियाकडे, ओरेनबर्गच्या गाडीत बसलास.

मी त्या दारातून एक पाऊल पुढे टाकलं असतं तर? टाकलं नाही. भीती वाटली. घरातून काढलं तर जायला दुसरीकडे दार नव्हतं. हे कारण सांगितलं, माफी मागत नाही. माफी इतकी स्वस्त असती तर मी तुला पहिल्याच वर्षी पाठवली असती.

आणि आता दुसरं, जे याहून वाईट आहे. बाबांना माहीत होतं.

जायच्या आधी पंधरा दिवस मी त्यांना भरवत होते. नुसतं उकडलेलं गाजर कुस्करून, थोडं लोणी घालून. तेवढंच जायचं पोटात. चमचा तोंडाशी धरला तर म्हणाले, "तू धुतली होतीस."

मी चमचा वाटीत ठेवला.

"पहिल्या गाजरालाच कळलं मला," म्हणाले. "सडलं होतं, पण सालीला मातीचा कण नव्हता. नेमत कशाला धुतोय? त्याला स्वतःचं तोंड धुवायचा कंटाळा."

"मग त्याला का बोललात, बाबा? सगळ्यांसमोर?"

त्यांनी वाटी हातानं बाजूला सारली. मग म्हणाले, "त्याच्यापाशी पाय होते. तुझ्यापाशी एवढं एकच घर होतं."

मी त्यांच्यावर चिडले, नेमत. मरणाऱ्या माणसावर चिडले आणि वाटी घेऊन उठले. त्यांनी मला वाचवायला तुला बुडवलं, आणि विचारलं कोणालाच नाही. त्यांनी नंतर मला सगळं शिकवलं, झारा दिला, काहील दिली. प्रत्येक वेळी मला वाटायचं, मुलगा नाही म्हणून मला देतात. ते मला तुझ्या वाटणीचं देत होते. मी ते घेतलं, आणि आता परतही करणार नाही. तो झारा माझा आहे, मी तो कमावला आहे. पण तुझं नाव तुझं आहे. ते ज्या अंगणात गेलं, त्याच अंगणात, त्याच माणसांसमोर मी ते परत ठेवणार. म्हणून मला पुरुष हवेत.

मग त्यांनी मला काहिलीला हात लावू दिला नाही, तरी बोलणार.

तू यायचं की नाही ते तू बघ.

आपा

२३ फेब्रुवारी १९९७

नेमत,

तू आला नाहीस. परवा दुपारच्या नमाजानंतर मी बाबांचा रुमाल कमरेला बांधून दारात उभी राहिले, तेव्हा स्टेशनच्या रस्त्याकडे दोनदा बघितलं. दोनदाच.

पहिला अर्धा तास कोणी फिरकलं नाही. अंगणात लांब फळ्या टाकलेल्या, मधोमध गाजराचा ढीग, काढून आत्ताच धुतलेली, आणि मी दारात छातीवर हात ठेवून रिकाम्या गल्लीला या म्हणतेय. मग मामासोलीचाचा आला. माझ्या कमरेकडे बघितलं, आत गेला आणि बसला. तो बसल्यावर बाकीचे आले. तोलिब सगळ्यांत शेवटी. मोजले मी, सव्वीस. त्यातले सतरा तरी तुझ्या वेळचे.

सुऱ्या निघाल्या, चिराचिरी सुरू झाली. तुला तो आवाज आठवतो? सव्वीस सुऱ्या एकदम फळीवर. मला वाटलं, उद्या सकाळी पुलाव झाल्यावर बोलू. आत्ता नको. आणखी एक दिवस काय जातंय. तेवढ्यात तोलिबनं एक गाजर उचललं, वास घेतला आणि मोठ्यानं म्हणाला, "नीट बघून चिरा रे, होशिमच्या घरचं गाजर आहे! नेमतनं पुरलेलं नाही ना, एवढं विचारून घ्या!"

सगळे हसले. मी झारा उचलला आणि काहिलीच्या काठावर हाणला. घंटेसारखी वाजली ती.

"त्या वर्षीची गाजरं मी पुरली होती," मी म्हटलं. "पाटावर धुऊन, ओलीच. नेमतनं एकाला हात लावला नव्हता. बाबांना माहीत होतं. तुम्ही अकरा वर्षं ज्याच्यावर हसताय, त्यानं काही केलेलं नाही. हसायचं तर माझ्यावर हसा, मी इथं उभी आहे."

मग तोलिब उठला. "ऐकलंत? गाजर धुऊन पुरणारी बाई तीनशे माणसांच्या अन्नाला हात लावणार!"

"हो, लावणार," मी म्हटलं. "त्यानंतर अकरा हिवाळ्यांत माझं एक गाजर सडलं नाही. ज्याच्या खड्ड्यात आजवर कधीच काही सडलं नाही, त्यानं हात वर करावा. हा झारा त्याच्या हातात देते."

एकानंही हात वर केला नाही, नेमत. तोलिबनंसुद्धा नाही. त्याच्या बायकोनं मागच्या वर्षी सडलेली अर्धी पोती पाटात फेकली ती सगळ्या गल्लीनं बघितलीत. पण माणूस हरला की उठून जातो. तो गेला, त्याच्यामागे आणखी चौदा गेले. अर्धा ढीग तसाच.

मामासोलीचाचा बसूनच होता. हातातलं गाजर सोललं, कच्चंच खाल्लं, सावकाश, शेवटच्या घासापर्यंत. म्हणाला, "त्या दिवशी तुझ्या बापाला मी गाजरं दिली आणि आजवर प्रत्येक लग्नात ते सांगत फिरलो. नेमतचं नाव घेऊन. आता म्हातारपणी मला दुसरी गोष्ट शोधायला लावलीस तू." आणि परत चिरायला लागला.

मी रोझीखोनकडे बघितलं. ती कुंपणापलीकडे केव्हाची कान लावून होती. "आता म्हणू नकोस नको," म्हणाली आणि काठी आपटली. पाच मिनिटांत अकरा बायका आल्या, स्वैपाकघरातल्या सुऱ्या घेऊन. तोलिबची बायकोही आली. उठून गेलेल्यांच्या जागी बसल्या, पुरुषांच्या शेजारी, एकाच फळीवर. आधी दोन्हीकडे माना खाली. मग रोझीखोन चाचाला म्हणाली, "काड्या आहेत का सरपण? जरा बारीक करा." पुढे हशा थांबला नाही. बाबांच्या वर्षाला इतकं हसणं शोभतं का, माहीत नाही. मला बरं वाटलं.

पहाटे काहील मीच चढवली, अंगणाच्या मध्यावर, सगळ्यांना दिसेल अशी. चाळीस किलो गाजर पहिल्यांदा हलवलं नाही. हात शिवशिवत होता, तरी थांबले. वास गल्लीत गेला तेव्हा झारा घातला. झारा जड आहे. खांदा अजून दुखतोय.

आणि सकाळची नमाज सुटल्यावर तीनशे दहा माणसं जेवून गेली. जे उठून गेले होते ते सगळे आले. पुलावाला कोण पाठ दाखवतं? तोलिबनं दुसरं ताट मागितलं, मान वर न करता. मी वाढलं. जरा जास्तच गाजर वाढलं.

बाबांसाठी दुवा मागितली तेव्हा चाचानं हात वर केले आणि मोठ्यानं म्हणाला, "होशिमला जन्नत मिळो, आणि नेमत जिथे असेल तिथे सुखी असो." तुझं नाव घेतलं, नेमत. अंगणात, सगळ्यांसमोर. सगळ्यांनी आमीन म्हटलं.

एक कबूल करते. सुरी विकलेली नाही. खिळ्यावर आहे. दर वसंतात धार लावते. अकरा वर्षांत झिजून निम्मी झाली असेल.

आपा

९ मार्च १९९७

नेमत,

जर्दाळूचा व्यापारी ओरेनबर्गहून आला, तुझी चिठ्ठी घेऊन. पाकीट चांगलं जाडजूड होतं. मला वाटलं चार-पाच पानं असतील, शिव्या तरी असतील. आत पुठ्ठ्यात घातलेली एवढीशी चिठ्ठी. दोन ओळी.

"आपा, जानेवारीचं पत्र मिळालं. म्हणजे माझी वाळू ओली नव्हती?"

मी ती रोझीखोनला वाचून दाखवली आणि तिला काही कळलं नाही. मला कळलं. त्या दिवशी बाबांनी विचारलं तेव्हा तू माझ्याकडे का बघितलं नाहीस, ते आज कळलं. तू मार्गिलानची चोरी झाकत नव्हतास. तुला वाटलं, तू नदीवरून आणलेली वाळू जास्त ओली निघाली, म्हणून सगळं सडलं. म्हणून "मी" म्हणालास. अकरा वर्षं तू बाबांवर रुसून नव्हतास, लाजेनं तोंड लपवून बसला होतास. आणि तुझ्या दोन ओळींत तू मला एक शब्द वाईट बोलला नाहीस. वाळूचं तेवढं विचारलंस.

वेड्या. तुझी वाळू चांगली होती. रचताना मी स्वतः मुठीत दाबून बघितली होती. लाडू झाला आणि बोटानं टोचला तसा फुटला. तशी वाळू अल्तिआरिकमध्ये परत कोणी आणली नाही, हे तुला नोव्हेंबरातच लिहिलं होतं.

मी चाळीस किलोपेक्षा जास्त पुरली होती. कोपऱ्यात एक थर अजून आहे, पिवळ्यांचा. नवरोजपर्यंत, म्हणजे या २१ तारखेपर्यंत टिकतो, पुढे ऊन चढलं की कोंब येतात. तो थर तुझा. कोणाला हात लावू दिलेला नाही, चाचालासुद्धा नाही.

वाळूला आता किती ओल उरली आहे ते पत्रात लिहून तुझा विश्वास बसायचा नाही. माझ्यावर का बसावा? ये, आणि स्वतः हात घालून बघ.

तुझी आपा